गिरणी कामगारांची भरती, निवड व प्रशिक्षण

उद्योगसंस्थेला लागणारी माणसे मिळविणे, त्यांतून योग्य त्यांची निवड करणे आणि निवडलेल्यांना नेमून दिलेल्या कामात तयार करणे, या तीन क्रिया आधुनिक कार्मिक व्यवस्थापनाचा पाया समजल्या जातात. भारतातील मोठ्या उद्योगांत या क्रियांसाठी स्वतंत्र खाते, लेखी नियम व प्रशिक्षित अधिकारी निर्माण होण्यास दीर्घ काळ लागला. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या संक्रमणाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. या गिरण्यांत प्रारंभी भरती, निवड, प्रशिक्षण, देखरेख आणि बडतर्फी या सर्वच बाबी ‘जॉबर’ नावाच्या एका मध्यस्थाच्या हाती एकवटल्या होत्या. पुढे साथीचे रोग, संप, चौकशी समित्या व कायदे यांच्या दडपणाखाली हे अधिकार क्रमाक्रमाने त्याच्याकडून कामगार अधिकारी, नोंदपट व स्थायी आदेश यांच्याकडे आले. काम देण्याचा अधिकार कोणाचा व तो कोणत्या नियमाने चालावा, हा या इतिहासातील मूळ प्रश्न होता. कारण ज्याच्या हाती काम देणे होते, त्याच्याच हाती कामगाराची भाकरी, राहण्याची जागा व पुष्कळदा त्याची पत होती.

प्रारंभीचा काळ : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्यासाठी कंपनी स्थापन केली व तिच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापारात आलेली तेजी व नंतरची मंदी ओसरल्यावर, १८७० नंतर गिरण्यांची संख्या वेगाने वाढू लागली. मुंबई गिरणीमालक संघ १८७५ मध्ये स्थापन झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या व सत्तर हजारांच्या घरात कामगार होते. १९२० नंतरच्या दशकात ही कामगारसंख्या दीड लाखाच्या आसपास पोहोचली.

यंत्रसामग्री लँकाशरहून येई आणि तिच्याबरोबर ती चालविण्याचे ज्ञान असलेले तंत्रज्ञही येत. कताई व विणाई खात्यांचे प्रमुख म्हणजे ‘मास्टर’ हे प्रारंभीच्या दशकांत बहुधा इंग्रज असत. पुढे त्यांच्या जागी पारशी व हिंदू तंत्रज्ञ येऊ लागले. गिरणीची मालकी भागधारकांची असली, तरी कारभार व्यवस्थापन अभिकर्त्यांकडे असे व त्यांचे मुख्य लक्ष कापसाची खरेदी, मालाची विक्री व भांडवलउभारणी यांवर केंद्रित झालेले असे. यंत्रावर काम करणारा माणूस कोठून येतो, कसा शिकतो व का निघून जातो, याची नोंद ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही. मालक व तंत्रज्ञ यांची भाषा एक आणि कामगारांची दुसरी, अशी स्थिती असल्यामुळे दोहोंमध्ये दुवा साधणाऱ्या माणसाला आपोआप महत्त्व प्राप्त झाले.

कामगार प्रामुख्याने मुंबईबाहेरून येत. १९११ च्या जनगणनेनुसार गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९३१ पर्यंत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले. सातारा, पुणे, कुलाबा (सध्याचा रायगड), अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतून, तसेच उत्तर भारतातील संयुक्त प्रांतातूनही कामगार येत. कोकणातील तुटपुंजी शेती, खोतांचा जाच, कर्जबाजारीपणा आणि मुंबईशी असलेली जलमार्गाची सोय यांमुळे हा ओघ अखंड राहिला. बहुतेक कामगारांचे कुटुंब गावी असे व पेरणी, कापणी, लग्नसराई किंवा शिमगा-गणपती यांसाठी ते गावी जात. परत आल्यावर तीच जागा मिळेल, याची शाश्वती मात्र नसे.

जॉबर पद्धती : जॉबर हा कामगारांतूनच वर आलेला माणूस असे. कोलकात्याच्या तागगिरण्यांतील सरदार, दक्षिणेकडील मळ्यांवरचा कंगाणी व बांधकामांवरील मुकादम हे त्याचेच समानधर्मी होत. मोठ्या खात्यात एक मुख्य जॉबर व त्याच्या हाताखाली ओळीओळीवर देखरेख करणारे लाइन जॉबर अशी उतरंड असे. कामगार भरती करणे, त्यास यंत्र नेमून देणे, यंत्रातील किरकोळ बिघाड दुरुस्त करणे, शिस्त राखणे, रजा देणे व कामावरून काढून टाकणे, ही सर्व कामे तो करी. रोज सकाळी भोंगा होण्यापूर्वी गिरणीच्या फाटकाशी काम शोधणाऱ्यांची गर्दी जमे आणि आपल्या खात्यातील रिकाम्या जागांसाठी जॉबर तीतून माणसे उचली. अर्ज, मुलाखत, चाचणी, नेमणूकपत्र यांपैकी काहीही नसे. ओळख, गाव, जात, नाते व दस्तुरी याच निवडीच्या कसोट्या होत्या.

दस्तुरी म्हणजे काम मिळवून देण्याबद्दल जॉबरला द्यावयाचा मोबदला. ती कामावर लागताना एकरकमी द्यावी लागे, तर कित्येक ठिकाणी पगारातून दरमहा काही भाग द्यावा लागे; दीर्घ रजेवरून परतणाऱ्यासही ती पुन्हा भरावी लागे. तिचा दर ठरलेला नसे. कामाची मागणी व पुरवठा यांनुसार तो चढे-उतरे. पगार महिन्याने होई व तोही महिना संपल्यानंतर काही आठवड्यांनी हाती येई. कामगाराने अचानक सोडून जाऊ नये, म्हणून मालक हा पगार अडकवून ठेवीत. नव्याने आलेल्या माणसाला मधल्या काळात उधारीवाचून गत्यंतर नसे. या उधारीसाठी जॉबरच सावकाराकडे जामीन राही किंवा स्वतः कर्ज देई. काही जॉबर चाळीतील खोल्या भाड्याने देत, तर काही खानावळी वा दुकाने चालवीत. अशा रीतीने कामगाराचे गिरणीतील व गिरणीबाहेरील जीवन एकाच माणसाशी बांधले जाई.

ही पद्धत केवळ मालकांच्या बेफिकिरीतून टिकली, असे म्हणता येत नाही. तिच्यात त्यांची सोय होती. सूत व कापड यांच्या बाजारपेठेत, विशेषतः चीनशी होणाऱ्या सुताच्या व्यापारात, मोठे चढउतार होत. मागणी वाढताच माणसे वाढविणे व घटताच कमी करणे जॉबरमुळे फार खर्च न करता साधे. कामगारांची संख्या कमीजास्त करण्याची जोखीम मालकाच्या डोक्यावरून उतरून कामगारांवर पडे.

तथापि जॉबरची सत्ता निरंकुश होती, हा समजही अपुरा आहे. खात्यातील उत्पादनावर त्याची कमाई व नोकरी अवलंबून असे. सकाळी पुरेशी माणसे हजर करता आली नाहीत, तर त्याचे स्थान धोक्यात येई. यासाठी त्याला चाळीत व वस्तीत आपली पत राखावी लागे, अडल्या-नडलेल्याला मदत करावी लागे आणि प्रसंगी कामगारांची गाऱ्हाणी वर पोहोचवावी लागत. फार पिळवणूक करणाऱ्या जॉबरला सोडून कामगार दुसऱ्याकडे जात. काही संपांत जॉबरच पुढारी होते, तर काही संप फोडण्यासाठी मालकांनी जॉबरांचाच उपयोग करून घेतला. मालकाचा हस्तक आणि कामगारांचा आश्रयदाता अशा दुहेरी भूमिकेमुळे त्याच्याविषयीची कामगारांची भावनाही भीती व आधार यांच्या मिश्रणाची होती.

प्लेगची साथ : १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. पुढील काही महिन्यांत लक्षावधी लोक शहर सोडून गेले व गिरण्यांना मनुष्यबळाची तीव्र टंचाई भासली. गिरण्या एकमेकींचे कामगार ओढू लागल्या. रस्त्यांच्या नाक्यांवर दिवसाच्या बोलीने माणसे घेतली जाऊ लागली. राहिलेल्या कामगारांनी महिनाअखेरच्या पगाराऐवजी रोजच्या रोज मजुरी मागितली व ती पुष्कळ ठिकाणी मान्य करावी लागली. माणसे थेट मिळत असल्याने काही काळ जॉबरचे महत्त्वही घटले. संकट ओसरताच मात्र गिरणीमालकांनी रोजची मजुरी बंद करून महिन्याचा पगार पूर्ववत सुरू केला व जॉबरही आपल्या जागी परतला. मध्यस्थाची सत्ता मुळात मनुष्यबळाच्या विपुलतेवर उभी आहे, ही गोष्ट या प्रसंगाने उघड झाली. कायमस्वरूपी कामगारवर्ग टिकविण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करण्याचा धडा मात्र त्यातून घेतला गेला नाही.

जात, स्त्री व निवड : जॉबर आपल्या गावची, नात्याची व जातीची माणसे आणीत असल्यामुळे गिरण्यांतील खात्यांची विभागणी सामाजिक भेदांनुसार होत गेली. विणाई खात्यात, म्हणजे कामगारांच्या बोलीतील ‘साचाखात्या’त, प्रामुख्याने मराठा-कुणबी व उत्तरेकडील मुस्लिम विणकर असत. या खात्यात कमाई अधिक होती. परंतु ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना बंद होते. धोट्यातील कांडी संपल्यावर नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागत असल्याने स्पर्शास्पर्शाचे कारण पुढे करून सवर्ण कामगार या जातींतील कामगारांना साच्यावर येऊ देत नसत. त्यांना कताई विभागात, म्हणजे ‘त्रासन’ खात्यात, व इतर कमी वेतनाच्या कामांवर समाधान मानावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला. कामगारांच्या मागण्यांत सर्व खाती सर्वांना खुली करण्याची मागणी नसेल, तर त्या मागण्या साऱ्या कामगारांच्या म्हणता येत नाहीत, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. अन्याय्य भरतीचा दोष केवळ मालकांकडे नसून तो कामगारांच्या आपसांतील व्यवहारातही आहे, हे यामुळे प्रथमच ठळकपणे पुढे आले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या व लडी करण्याच्या खात्यांत काम करीत. या खात्यांत जॉबरच्या जागी ‘नायकीण’ असे. तिचे अधिकार व दस्तुरी घेण्याची रीत जॉबरसारखीच होती. स्त्रियांना रात्री काम देण्यावरील कायदेशीर बंदी, १९२९ चा मुंबई प्रसूतिसाहाय्य कायदा व पुढील काळातील यांत्रिकीकरण यांच्या परिणामी मालकांचा कल पुरुषांना घेण्याकडे झुकला. संरक्षक तरतुदींचा खर्च टाळण्यासाठी भरतीच आखडती घेण्याची ही प्रवृत्ती त्या तरतुदींच्या हेतूच्या विरुद्ध होती. स्त्रियांची संख्या पुढे सातत्याने घटत गेली.

कामाचे शिक्षण : गिरणीतील काम शिकविण्याची स्वतंत्र व्यवस्था प्रदीर्घ काळ नव्हती. कताई खात्यात भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या बसविणारी मुले पाहता पाहता चात्यांची राखण करण्यास शिकत व वयात आल्यावर पूर्ण कामगार होत. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केले व चौदा वर्षांखालील मुलांसाठी सात तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये किमान वय बारा झाले. या तरतुदींमुळे बालवयातच शिकण्याचा हा मार्ग क्रमशः अरुंद होत गेला. साच्यावरील काम शिकू इच्छिणारा तरुण बहुधा एखाद्या नातेवाइकाशेजारी उभा राहून काही महिने बिनपगारी राबे. धागा तुटला की सांधणे, धोट्यात कांडी घालणे, कापडातील दोष ओळखणे, ही कौशल्ये तो पाहून व करून आत्मसात करी. या शिक्षणाचा खर्च गिरणीस पडत नसे; तो शिकणाऱ्याचे कुटुंब सोशी. शिकविणारा कुशल असेल, तर शिष्य चांगला निघे. अन्यथा सदोष सवयीही तशाच पुढे जात.

औपचारिक तंत्रशिक्षण वरच्या थरासाठी होते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या तंत्रसंस्थेचा (सध्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) एक प्रमुख उद्देश कापडगिरण्यांना देशी तंत्रज्ञ पुरविणे हा होता. तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांमुळे खातेप्रमुखांच्या जागा हळूहळू भारतीयांकडे आल्या. परंतु प्रत्यक्ष यंत्रावरील कामगार व खातेप्रमुख यांमधील दरी तशीच राहिली आणि ती भरून काढण्याचे काम अशिक्षित पण अनुभवी जॉबरकडेच राहिले.

बदली कामगार : गावी गेलेल्या, आजारी वा अन्य कारणाने गैरहजर असलेल्या कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस म्हणजे ‘बदली’. प्रत्येक गिरणीभोवती अशा माणसांचा मोठा समूह असे. त्यांपैकी कोणास काम द्यावयाचे हे जॉबर ठरवी, त्यामुळे दस्तुरीला येथे सर्वाधिक वाव मिळे. काम मिळाले नाही, तर सकाळी फाटकावरून परतणाऱ्या बदलीचा दिवस बुडे. कित्येक कामगारांना कायम होण्यापूर्वी अनेक वर्षे बदली म्हणून काढावी लागत. गिरण्यांना आयता राखीव कामगारवर्ग मिळे व कायम कामगारांवरही वचक राही.

सुधारणेचे प्रयत्न : पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत गिरण्यांनी कामाची गती वाढवून माणसे कमी करण्याच्या योजना आखल्या. त्यांविरुद्ध १९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप झाला. संपात पुढे आलेल्या गिरणी कामगार युनियनने (लाल बावटा) गिरण्यागिरण्यांतून समित्या स्थापन केल्या. खात्यातील तक्रारी जॉबरला वगळून मांडणारे हे पहिलेच व्यापक संघटन असल्याने जॉबरांच्या वर्चस्वास त्याने थेट आव्हान दिले. कामावर घेण्याचे व काढण्याचे नियम लेखी असावेत, हा विषय संपानंतरच्या चौकशीतही प्रमुख होता.

जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये आपला अहवाल सादर केला. ना. म. जोशी हे या आयोगाचे एक सदस्य होते. जॉबरकडे असलेले भरती व बडतर्फी यांचे अधिकार काढून घ्यावेत, प्रत्येक मोठ्या कारखान्यात थेट सरव्यवस्थापकास जबाबदार असलेला कामगार अधिकारी नेमावा, सर्व नेमणुका त्यानेच खातेप्रमुखांशी विचारविनिमय करून कराव्यात व त्याच्या संमतीवाचून कोणासही काढू नये, अशा आयोगाच्या शिफारशी होत्या. कार्मिक व्यवस्थापन हे उत्पादनाच्या देखरेखीपासून वेगळे कार्य आहे, या तत्त्वाचा भारतातील हा महत्त्वाचा अधिकृत उच्चार होय.

मुंबई सरकारच्या १९३४ च्या औद्योगिक तंटे समेट कायद्याने कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले; त्याच सुमारास गिरणीमालक संघानेही गिरण्यांतून कामगार अधिकारी नेमण्यास प्रारंभ केला. १९३५ मध्ये संघाने बदली नियंत्रण पद्धती सुरू केली. तीनुसार प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस गिरणीने ठरावीक संख्येने निवडलेल्या माणसांना बदलीची पत्रके द्यावयाची, पत्रकधारकांनी रोज सकाळी हजर राहावयाचे व तात्पुरत्या जागा त्यांच्यामधूनच भरावयाच्या, असे ठरले. उपाय साधा होता; परंतु त्यामुळे फाटकावरील मनमानी निवडीची जागा नोंदपटाने घेतली. प्रत्यक्षात पत्रक कोणास मिळावे यात जॉबरच्या शिफारशीला अनेक वर्षे वजन राहिले. अधिकार कागदावर कामगार अधिकाऱ्याकडे आला, तरी माणसांची माहिती जॉबरकडेच होती, हे त्याचे कारण होय.

नव्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणाऱ्या संस्थाही याच काळात निघाल्या. १९३६ मध्ये मुंबईत नागपाडा येथे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. त्याचेच १९४४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले. कामगार कल्याण व कार्मिक व्यवस्थापन हे तेथील शिक्षणक्रमाचे एक महत्त्वाचे अंग बनले. १९४७ मध्ये मुंबई सरकारने श्रमविषयक शिक्षणासाठी वेगळी संस्था काढली. तिला पुढे, गिरणी कामगारांच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव देण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९३८ चा मुंबई औद्योगिक तंटे कायदा व १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा यांमुळे स्थायी आदेशांना कायद्याचे बळ मिळाले. कायम, परिवीक्षाधीन, बदली, तात्पुरता व शिकाऊ अशा कामगारांच्या श्रेणी स्पष्ट झाल्या. रजा, शिक्षा व बडतर्फी यांची कार्यपद्धती ठरली. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांतील वेतनाचे प्रमाणीकरण होऊन २६ दिवसांच्या महिन्यासाठी किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले. प्रत्येक कामाचे नाव, भार व वेतन निश्चित झाल्याने माणसानुसार दर ठरविण्याची जॉबरची मोकळीक संपुष्टात आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

१९४९-५० मध्ये मुंबई राज्यात अहमदाबाद, मुंबई व सोलापूर या केंद्रांसाठी कापडगिरण्यांतील अनिश्चित रोजगार नियमित करण्याची योजना सुरू झाली. गिरण्यांतील बदली व बेकार कामगारांची एका ठिकाणी नोंद करावी आणि रिकाम्या जागा त्या नोंदीतून भराव्यात, असे तिचे स्वरूप होते. गोदी कामगारांसाठी अशाच हेतूने १९४८ मध्ये केंद्रीय कायदा करण्यात आला होता. औद्योगिक तंटे कायद्यात १९५३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, एक वर्षाची अखंड सेवा पूर्ण केलेल्या बदली कामगारास कामबंदीच्या काळातील भरपाईसाठी बदली न मानण्याची तरतूद केली. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयांना कळविणे १९५९ च्या कायद्याने सक्तीचे केले. तथापि त्या कार्यालयांमार्फतच भरती करण्याचे बंधन त्यात नव्हते.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रातही बदल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विकसित झालेली कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाची पद्धती युद्धोत्तर काळात भारतीय कापडउद्योगात आली. काम शिकविणे, कामाच्या पद्धतीत सुधारणा करणे व माणसांशी संबंध राखणे, या तीन बाबींत पर्यवेक्षकाला तयार करणे हे तिचे उद्दिष्ट होते. जॉबरकडून भरतीचे अधिकार काढून घेताना त्याचे रूपांतर प्रशिक्षित पर्यवेक्षकात करण्याचा हा प्रयत्न होता. १९४७ मध्ये अहमदाबादेत व १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थांनी यंत्रभार, कामाचा वेग व मानवी संबंध यांचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. १९५३ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत कामगारांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे काही साच्यांची संपूर्ण जबाबदारी सोपविण्याचा प्रयोग केला. कामगाराची निवड एकेकट्याच्या कौशल्यावर न करता गटाच्या परस्परसहकार्यावर आधारण्याची कल्पना त्यातून पुढे आली. १९५८ मध्ये नागपूर येथे मुख्य कार्यालय असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने नेमलेल्या व्यवसायांत उमेदवार घेणे, त्यांना विद्यावेतन देणे व ठरलेल्या अभ्यासक्रमानुसार शिकविणे ही जबाबदारी मालकांवर टाकली. काम शिकण्याचा जो खर्च पूर्वी कामगाराचे कुटुंब सोशीत असे, तो निदान अंशतः उद्योगाने सोसावा, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले.

नव्या व्यवस्थेतही जुने दुवे पूर्णतः तुटले नाहीत. कामगारांचे मुलगे व नातेवाईक यांना प्राधान्य देण्याची रूढी गिरण्यांत टिकून राहिली. गावच्या मंडळांच्या सामाईक खोल्या नव्याने आलेल्यास आसरा देत व काम कोठे आहे याची खबरही देत. लेखी नियमांनी भरती औपचारिक झाली, परंतु माहितीचा मार्ग नात्यागोत्यांतूनच जात राहिला.

बदलींचा प्रश्नही पूर्णपणे सुटला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सार्वत्रिक संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. वेतनवाढ व बोनस यांबरोबरच बदली कामगारांना कायम करावे, ही संपाची एक मागणी होती. संप औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही; तो विरत गेला. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने सुरू झाल्या नाहीत, हजारो कामगारांना परत घेतले गेले नाही आणि पुढील दोन दशकांत मुंबईतील बहुतेक गिरण्या बंद पडल्या. ज्यांची सेवा बदली म्हणूनच नोंदली गेली होती, त्यांची देणी व हक्क ठरविताना ही नोंद अडथळा ठरली. भरतीच्या वेळी लागलेला एक शब्द कामगाराच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याचा पाठलाग करू शकतो, हे त्यावरून दिसते.

मूल्यमापन : मुंबईच्या गिरण्यांतील अनुभवावरून काही सर्वसामान्य निष्कर्ष निघतात. पहिला असा, की भरतीची पद्धत ही केवळ प्रशासकीय बाब नसून सत्तेची विभागणी आहे. दुसरा असा, की मध्यस्थ हटविण्यासाठी कायदा पुरेसा नसतो. जॉबर जी कामे करी, म्हणजे नवख्यास काम शिकविणे, अडचणीत पैसा देणे, राहण्याची सोय पाहणे व गाऱ्हाणे पोहोचविणे, ती करणाऱ्या दुसऱ्या संस्था उभ्या राहाव्या लागतात. जेथे त्या उभ्या राहिल्या, म्हणजे कामगार संघटना, सहकारी पतपेढ्या, प्रशिक्षणकेंद्रे व न्यायालये यांचा जेथे जम बसला, तेथे जॉबरचे महत्त्व ओसरले. तिसरा असा, की निःपक्षपाती निवडीचे नियम नसतील, तर समाजातील भेद कारखान्यात जसेच्या तसे उतरतात व वेतनाच्या दरांत स्थिर होतात.

मोठ्या उद्योगांत अर्ज, चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी व परिवीक्षा हे निवडीचे टप्पे रूढ झाले असले, तरी मध्यस्थामार्फत होणारी भरती नाहीशी झालेली नाही. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा करण्याची गरज याच कारणाने भासली. यंत्रमागांच्या केंद्रांत व बांधकामांवर ठेकेदार, तर ऊसतोडणीच्या क्षेत्रात मुकादम आजही माणसे आणतात. ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो व तिची फेड श्रमाने करतो. या व्यवहारात आगाऊ पैसा, गाव-नात्याची ओळख व कामाची हमी यांची जी सांगड आढळते, ती गिरणीच्या फाटकावरील जुन्या पद्धतीशी पुष्कळशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे गिरणी कामगारांच्या भरतीचा इतिहास हा केवळ बंद पडलेल्या एका उद्योगाचा इतिहास राहत नाही. काम मागणाऱ्या माणसाला ते नियमाने व हक्काने मिळावे की कोणाच्या मेहेरबानीने, या प्रश्नाचा तो एक मोठा अध्याय ठरतो.